मोतीचंद प्लाझाचे पाच मजले

जळगावात दोन मजले चढले की इमारतीचा प्लाझा होतो, आणि समोरच्याचेही दोन चढले की त्याचा टॉवर होतो. दाणाबाजाराच्या मागच्या रस्त्यावर गौतमचंद शेठचा मोतीचंद प्लाझा आणि झुलाल आबांचा झुलाल टॉवर असे वीस वर्षं एकमेकांवर डोळे वटारून उभे आहेत. दोन्हींच्या गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच वर काढून ठेवल्यात, टोकांना रिकाम्या बाटल्या उपड्या घातल्यात. तिसरा मजला आज ना उद्या होणारच, अशी दोघांची श्रद्धा. पाया पेलणार नाही असं इंजिनिअरनं दोघांनाही लेखी दिलंय, आणि दोघांनीही तो कागद कपाटात जपून ठेवलाय.

प्लाझाच्या तळमजल्यावर शेठजींचं कापडाचं होलसेल दुकान, पहिल्या मजल्यावर गोडाऊन आणि दुसऱ्यावर मुलाचा, म्हणजे पुनीतचा, स्टुडिओ. कॉम्प्युटर गेमसाठी घरं, रस्ते, झाडं असं काय काय तिथे तयार होई. स्टुडिओला नाव दिलं होतं नातवाचं, अर्हमचं. अर्हम तीन वर्षांचा होता आणि मालक म्हणून त्याचा फोटो दारातच लावला होता. पुनीत पुण्याला शिकून आला होता. तिथे तो नेमकं काय शिकला हे कुणाला सांगता येत नसे, पण परत येताना फिरती खुर्ची घेऊन आला एवढं खरं.

काम करत होती नूतन. सावद्याच्या जीवराम फेगड्यांची मुलगी, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली. आधी दोन वर्षं तिनं एका इंजिनिअरकडे नकाशे काढले. नकाशात पार्किंग आणि प्रत्यक्षात तीन गाळे, असा तो धंदा. नकाशातलीच घरं काढायची तर निदान नकाशातच राहणारी काढावीत, असं तिला वाटलं आणि नाशकात जाऊन ती गेमसाठी इमारती उभारायला शिकली. तिथल्या स्टुडिओत तिनं एक अख्खा बाजार उभारला. गेम निघाला, गाजला, आणि त्यातल्या नावांच्या यादीत नूतन कुठेच नव्हती. या धंद्यात सर्टिफिकेट कुणी विचारत नाही. गेम उघडतात, यादी पाहतात. नाव असलं तर तुम्ही काम केलं, नसलं तर तुम्ही घरी बसून होतात. पुढे चार ठिकाणी तिनं तो बाजार माझा म्हणून सांगितलं, आणि चारही ठिकाणी लोक गालातल्या गालात हसले.

म्हणून परदेशातल्या कुठल्याशा थंड गावच्या कंपनीनं "एक खरंखुरं, मध्यम आकाराचं भारतीय शहर" मागितलं, तेव्हा कामाला हात लावण्याआधी तिनं पुनीतला विचारलं, "पुनीतभैया, यादीत माझं नाव येणार ना?"

"पहिलं तुझंच," पुनीत खुर्चीत गोल फिरत म्हणाला. "बारा नावं द्यायचीत. आपण माणसं किती? तू आणि धनसिंग. दहा तर उरतीलच."

सावद्याहून वडिलांचा फोन येई तोही त्याच चौकशीचा. केळीचा भाव, पाणी, आईचे गुडघे एवढं झालं की जीवराम विचारत, "मंग तुह्यं नाव येईन ना वं त्याच्यात? मागच्या वख्ती लोकायले सांगून बसलो अन् तोंडघशी पडलो."

"येईल, आबा."

कंपनीनं पाठवलेला कागद बावन्न पानांचा होता. पुनीतनं पहिलं आणि शेवटचं पान वाचलं, म्हणजे व्यापाऱ्याच्या मुलानं वाचायची ती दोन. मधली पन्नास नूतननं वाचली. शहरात विमानातून माणसं उतरणार, पळणार, लपणार, एकमेकांना गोळ्या घालणार. पळायला रस्ते सरळ हवेत, असं नवव्या पानावर होतं. आता जळगावच्या बाजारात सरळ पळायचं तर आधी चार हातगाड्या आणि एक झोपलेली गाय हलवावी लागते. मग धनसिंग म्हणाला, "रस्ते आमच्या धुळ्याचे घ्या. पट्टीनं आखल्यासारख्या गल्ल्या, वर नंबर टाकलेले. पत्ता विचारायची भानगड नाही." धनसिंग गिरासे धुळ्याचा. भिंतींचे रंग, पोपडे, डाग हे त्याचं खातं. दोघं धुळ्याला गेले, दोन दिवस टेप लावून गल्ल्या मोजल्या, आणि रस्ते धुळ्याचे, इमारती जळगावच्या असं सोयरिकीसारखं जमवून टाकलं. पुढे धुळ्याचे लोक म्हणाले, रस्ते आमचे म्हणून खेळ चालला. जळगावचे म्हणाले, इमारती आमच्या म्हणून रस्ते दिसले.

नूतन मात्र जीव ओतून काम करत होती. शटरवरचा तेलकट हाताचा पट्टा, जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या आणि त्या थांबाव्यात म्हणून लावलेल्या देवांच्या फरशा, खिडकीत विटांवर टेकवलेला कूलर, वाढदिवसाच्या फ्लेक्समागे बुजून गेलेलं दवाखान्याचं दार, काही म्हणता काही तिनं सोडलं नाही. मोतीचंद प्लाझा तिनं होता तसा केला, दोन मजले आणि वर सळया. बाटल्यासुद्धा मोजून अकरा.

तिथेच माशी शिंकली. एका दुपारी झुलाल आबा रस्ता ओलांडून वर आले. पाइप-फिटिंगचं दुकान, डोक्यावर टोपी, हातात केळ्यांची फणी. वीस वर्षांत त्यांनी प्लाझाचा जिना चढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते हळूच म्हणाले, "पोरी, मन्हा तिसरा मजला काही व्हयना नही. इंजिनेर नही म्हनस. तू टाकी दे ना त्याम्हा."

नूतनला गंमत वाटली. कंपनीला मजल्यांशी घेणंदेणं नव्हतं, आणि कागदावर नसलेले मजले चढवण्याचा तिला अनुभव होता. तिनं दहा मिनिटांत तिसरा मजला टाकला. आबा पडद्याकडे बघतच राहिले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि फणी तिथेच ठेवून ते उतरले.

ही बातमी संध्याकाळपर्यंत शेठजींच्या गादीवर पोचली. दुसऱ्या दिवशी शेठजी जिना चढून आले, धापा टाकत.

"त्याचे तीन केलेस?"

"हो, शेठजी."

"मग आपले पाच कर."

"शेठजी, एक अडचण आहे." नूतननं एकतिसावं पान काढलं. "या खेळात दहाव्या मिनिटाला भूकंप होतो, आणि शहरातली सगळ्यात उंच इमारत पडते. पाच केले तर आपलीच पडेल."

शेठजींनी पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आपली पडत नसते, बेटा. बारा फुटांचा पाया आहे. लोखंड किती घातलंय ते या लोकांना माहीत नाही. तू असं कर, चार कॉलम जास्त टाक."

आता गेममधली इमारत कॉलमवर उभी नसते, ती खेळाच्या नियमावर उभी असते, हे कापड मोजण्यात जन्म गेलेल्या माणसाला कसं सांगावं? तिनं पुनीतला गाठलं. पुनीत म्हणाला, "पपांना आत्ता काही सांगू नकोस, त्यांचा मूड चांगला आहे." हे त्याचं सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर होतं. शेठजींचा मूड वाईट असला की तो म्हणे, आत्ता सांगू नकोस, मूड वाईट आहे.

तिनं पाच मजले चढवले. चार कॉलमही टाकले, कारण शेठजी रोज येऊन ते मोजत. पण मुलगी मनानं चांगली. ज्या घराचं मीठ खातो त्याची इमारत आपल्या हातानं पाडायची, हे तिला बरं वाटेना. रस्त्याच्या टोकाला पाण्याची टाकी होती. खेळाच्या हिशेबी तीही इमारतच, म्हणून तिनं ती गुपचूप चार मीटरनं वाढवून प्लाझाच्या वर नेली. भूकंपात टाकी पडेल, रस्त्यात पाणी होईल, खेळणारे घसरतील, प्लाझा वाचेल. ही युक्ती तिनं कुणालाही सांगितली नाही. चांगुलपणाची पावती मागायची सवय तिला नव्हती, आणि तेच चुकलं.

काम संपत आलं तेव्हा कंपनीकडून नावांचा अर्ज आला. "काम केलेल्या कलाकारांची बारा नावं." पुनीतनं तो छापून खाली गादीवर नेला, आणि तिथे तो शेठजींच्या हाती पडला.

आता बारा माणसांची नावं छापायची म्हटल्यावर शेठजींच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येणार. त्यांनी कपाटातून पुनीतच्या लग्नाची पत्रिका काढली आणि नमुना म्हणून समोर ठेवली. सर्वांत वर आशीर्वाद म्हणून वडील, स्वर्गीय मोतीचंदजी. मग स्वतः गौतमचंद, मग पत्नी धनकुंवरबाई, पुनीत, सूनबाई रिद्धी, मुलगी आयुषी, तिचा नवरा. "जावयाचं नाव गाळलं तर दिवाळीला येणार नाही," धनकुंवरबाई म्हणाल्या. मग दोन काका, दोघांच्या बायका, आणि शेवटी अर्हम. बरोबर बारा. त्यातल्या एकालाही माउस कुठल्या बाजूनं धरतात हे नीट माहीत नव्हतं, आणि एक जण तर तीस वर्षांपूर्वी वारला होता. पण यादी मानापानाला धरून होती. कुणी रुसणार नव्हतं.

नूतननं यादी पाहिली ती पाठवून झाल्यावर.

"पुनीतभैया, माझं नाव?"

"अगं, बाराच जागा होत्या." पुनीत खुर्चीत फिरला, म्हणजे पाठमोरा झाला. "घरचं कुणाला वगळणार? काकांना आधीच दुकानाच्या वाटणीचा राग आहे. पुढच्या वेळी नक्की."

नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं. संतापाचं. आठ महिने. अकरा बाटल्या. धुळ्याच्या उन्हात टेप धरून उभी राहिली होती ती, आणि नाव कुणाचं, तर ज्याला अजून चड्डीचं बटण लावता येत नाही त्याचं. करणार कोण आणि मिरवणार कोण! धनसिंग म्हणाला, "जाऊ दे ताई, आपण पाहुणे." पण यादीत स्वतःचं नाव त्यानंही दोनदा शोधलं.

त्याच दुपारी शेठजी शेवटची पाहणी करायला आले. नूतननं शहर फिरवून दाखवलं. शेठजी खुशीत होते. पाच मजले, सोनेरी अक्षरं, समोर झुलालचं तीन मजली खुराडं. एवढ्यात त्यांची नजर रस्त्याच्या टोकाला गेली.

"ते काय आहे? आपल्यापेक्षा उंच?"

"पाण्याची टाकी आहे, शेठजी."

"टाकी आपल्यापेक्षा उंच? लोक काय म्हणतील? खाली घे तिला."

नूतनच्या जिभेवर शब्द आले होते. ती टाकी तुमच्यासाठीच उंच केलीय, ती खाली घेऊ नका, एकतिसावं पान एकदा वाचा. एकदा शेठजींना, एकदा पुनीतला सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगायला ती घरची थोडीच होती? घरच्यांची यादी तर सकाळीच गेली होती. तिनं माउस हातात घेतला.

"किती खाली घेऊ?"

"आपल्या तिसऱ्या मजल्याइतकी."

तिनं मोजून तिसऱ्या मजल्याइतकी केली.

खेळ बाजारात यायच्या दोन दिवस आधी कंपनीनं तयार प्रत पाठवली. नावांत काही दुरुस्ती असेल तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळवा, असं सोबत लिहिलं होतं. वार रविवार. शेठजींनी दुकानातच कार्यक्रम ठेवला. गादीसमोर मोठा टीव्ही, जिलेबी-फाफडा, भाऊबंद, बाजारातले व्यापारी. झुलाल आबांना खास बोलावणं, कारण ते नसते तर पाच मजल्यांना अर्थ काय? धनकुंवरबाईंनी टीव्हीला कुंकू लावलं. नूतन आणि धनसिंग मागे, साड्यांच्या गठ्ठ्यांजवळ उभे.

पुनीतनं आधी नावांची यादी उघडली. मोतीचंदजींचं नाव दिसताच दोघातिघांनी हात जोडले. एकेक नाव येत गेलं तशा टाळ्या पडल्या. अर्हमच्या नावाला तर शिट्टीही वाजली. झुलाल आबांनी चष्मा लावून सगळी यादी मोठ्यानं वाचली. "काय बी म्हना, शेटजी, बठ्ठं घर राबनं दखा!" सगळं घर राबलं, हे शेठजींनी कौतुक म्हणूनच घेतलं.

मग खेळ सुरू झाला. पुनीत विमानातून उतरला आणि पाच मजली प्लाझाच्या दारात जाऊन उभा राहिला. लोकांनी "वा, वा" केलं. शेठजी आबांकडे वळून म्हणाले, "आपला टॉवरही बरा दिसतोय हं. लहान आहे, पण बरा." आबांनी जिलेबी तोंडात घातली. शेठजींनी आयुष्यातली नऊ सुखाची मिनिटं उपभोगली.

दहाव्या मिनिटाला पडदा हलला. पहिल्यांदा सोनेरी अक्षरं पडली, "मोतीचंद"मधला "मो" सगळ्यात आधी. मग पाचवा मजला चौथ्यावर बसला, चौथा तिसऱ्यावर, आणि धुळीचा लोट थेट टाकीपर्यंत गेला. जास्तीचे चार कॉलम तेवढे क्षणभर उभे राहिले आणि मग तेही आडवे झाले. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर बसलेल्या धनकुंवरबाईंनी घाबरून वर छताकडे पाहिलं.

मग झुलाल आबांचा आवाज आला. "शेटजी, तुम्हनी पडी गयी! मन्ही उभी शे!"

शेठजी लालबुंद झाले. "कोणी बांधलीय ही? कोणाचं काम हे?"

"आत्तेच त वाचं ना मी," आबा म्हणाले. "तुम्हनीच बांधी. मोतीचंदजीपाईन त्या धाकला नातूलोंग बठ्ठासना नावं शेत!"

हसू फुटलं ते थांबेना. काका हसले, जावई हसला, हमालसुद्धा तोंड फिरवून हसले. शेठजींनी टीव्हीकडे बोट केलं. "ती नावं काढा! आत्ताच्या आत्ता! मोतीचंदजींचं नाव पडलेल्या इमारतीला? ज्यानं बांधलीय त्याचं नाव टाका, जगाला कळू दे कोणी पाडली ते!"

"पपा, ती नूतननं…"

"मग तिचं टाक! एकटीचं!"

पुनीतला अर्ज उघडता येईना. नूतन पुढे आली, त्याच्या हातातून लॅपटॉप घेतला आणि गादीच्या कडेवर बसली. सगळ्यांच्या देखत तिनं बारा नावं एकेक करून पुसली. अर्हमचं पुसताना तिला थोडं वाईट वाटलं, पोराचा काय दोष. मग लिहिलं, नूतन जीवराम फेगडे. खाली धनसिंग गिरासे.

"दुसरं कोण?" शेठजींनी विचारलं.

"यानं रंग दिला, शेठजी."

"बरं, त्यालाही अडकव."

तिनं अक्षरं तीनदा तपासली आणि पाठवून दिलं. बाहेर येऊन सावद्याला फोन लावला. "आबा, नाव आलं." पलीकडे जीवराम एवढ्या मोठ्यानं आईला हाका मारू लागले की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. कसं आलं ते तिनं सांगितलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर शेठजी सुखी झाले असते. पण खेळ निघाला आणि धो धो चालला, आणि लोकांना त्यात सगळ्यात काय आवडलं असेल तर ते दहावं मिनिट. जगाच्या पाठीवर कुठल्या कुठल्या देशांतली पोरं मोतीचंद प्लाझा पडताना टाळ्या पिटू लागली. "मो" पडतानाचे व्हिडिओ लाखांनी पाहिले गेले. मग कुणीतरी खरी इमारत शोधून काढली. धुळ्याहून, भडगावहून पोरं मोटरसायकली घेऊन येऊ लागली, प्लाझासमोर उभी राहून फोटो काढू लागली, आणि आलीच आहेत तर टॉवेल-रुमालही घेऊ लागली. झुलाल टॉवरकडे कुणी ढुंकूनही बघेना. आबा पुन्हा फणी घेऊन वर आले. "पोरी, मन्हा बी पाडी दे ना."

तिसऱ्या आठवड्यात शेठजी जिना चढून आले. या वेळी मिठाईचा खोका घेऊन.

"बेटा, ती नावं… आता परत घालता येतील का? सगळी नको. मोतीचंदजींचं आणि माझं. फार तर पुनीतचं."

"अर्ज त्या रविवारी संध्याकाळीच बंद झाला, शेठजी."

"पण इमारत तर आमची आहे!"

नूतनच्या पडद्यावर सकाळीच एक पत्र आलं होतं, हैदराबादच्या एका मोठ्या स्टुडिओचं. पत्रात एकच ओळ होती: यादीत तुमचं नाव पाहिलं, ती कोसळणारी इमारत तुमचीच का? शेठजी चष्मा नाकावर चढवून मागे उभे होते. त्यांच्या देखतच तिनं उत्तर लिहिलं.

"हो, माझीच."

"तुझी?" शेठजी म्हणाले.

"तुम्हीच लिहायला सांगितलं होतं," नूतन म्हणाली आणि पत्र पाठवून दिलं.